दक्षिण दिशेचे दोन अर्थ

१/ दर शरद ऋतूत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून शिडाच्या अनेक नौका थंडी टाळण्यासाठी फ्लोरिडाकडे निघतात. हॅटरस भूशिराजवळचा समुद्र जहाजांची दफनभूमी म्हणून कुख्यात आहे. तो टाळण्यासाठी पुष्कळ नौका नॉरफोकपाशी आतल्या जलमार्गात शिरतात. त्यातील सर्वांत जुनी वाट म्हणजे डिस्मल स्वॉम्प कालवा.

२/ व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांना जोडणाऱ्या, सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या या कालव्याचे खोदकाम १७९३ मध्ये सुरू झाले. १८०५ मध्ये तो खुला झाला. तो खोदला मालकांकडून भाड्याने घेतलेल्या गुलामांनी.

३/ मोझेस ग्रँडी हा गुलाम या कालव्यावर मालवाहू नौका चालवीत असे. कमरेभर चिखलपाण्यात उभे राहून मुळे तोडणाऱ्या मजुरांचे वर्णन त्याने केले आहे. स्वतःच्या कमाईतून त्याने स्वातंत्र्यासाठी दोनदा प्रत्येकी ६०० डॉलर मोजले. दोन्ही मालकांनी त्याला फसविले. तिसऱ्यांदा ६५० डॉलर फेडून तो मुक्त झाला. त्याचे आत्मकथन १८४३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले.

४/ याच दलदलीने पळून आलेल्या गुलामांना पिढ्यानपिढ्या आश्रयही दिला. कारण ग्रँडीच्या काळी गुलामासाठी ‘दक्षिण’ म्हणजे ऊब नव्हे. कापसाच्या मळ्यांकडे होणारी विक्री आणि कुटुंबाची कायमची ताटातूट होती.

५/ आज चहाच्या रंगाच्या त्या पाण्यावरून नौका संथपणे दक्षिणेस जातात. वाट तीच आहे. दिशेचा अर्थ मात्र प्रवासी कोण, यावर ठरत आला आहे.