छावणीच्या दारातली लस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सैन्यात किंवा सैनिकी प्रबोधिनीत भरती होणाऱ्या तरुणाला बहुतेक देशांत सुरुवातीलाच दोन गोष्टी कराव्या लागतात. केस कापून घ्यायचे आणि टोचून घ्यायला दंड पुढे करायचा. केस का कापतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दंड का पुढे करायचा, हे समजून घ्यायला मात्र अडीचशे वर्षं मागं जावं लागतं. करोनाच्या काळात सैनिकी प्रबोधिन्यांच्या दारात लसीवरून जे प्रश्न उभे राहिले, ते नवे नव्हते. तेच मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १७७५ साली तिथल्या वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं आणि नेमकी त्याच वर्षी देवीची मोठी साथ पसरू लागली. ही साथ १७८२पर्यंत त्या खंडावर फिरत राहिली. इंग्रज शिपायांपैकी बहुतेकांना लहानपणीच मायदेशात देवी येऊन गेलेल्या होत्या. ज्याला एकदा देवी आल्या त्याला पुन्हा सहसा येत नाहीत. अमेरिकन शिपाई मात्र दूरदूरच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं. त्यांच्यापैकी अनेकांना हा रोग कधी शिवलाच नव्हता. अशी हजारो पोरं एका छावणीत आली, एका तंबूत झोपली, आणि देवीला मोकळं रान मिळालं. क्विबेकवर चालून गेलेल्या अमेरिकन फौजेची देवीनं दैना केली. त्या फौजेचा सेनापती जॉन थॉमस हा स्वतःच जून १७७६मध्ये देवीनं मरण पावला.

सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला या रोगाची चांगली ओळख होती. एकोणीस वर्षांचा असताना, १७५१ साली, बार्बाडोस बेटावर त्याला देवी आल्या होत्या. उपायही त्या काळी माहीत होता. पण तो आजच्यासारखा सोपा नव्हता. जेन्नरची लस यायला अजून वीस वर्षं होती. तेव्हा देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीवर छोटी चीर पाडून घालत. त्या माणसाला खऱ्याच देवी येत, पण बहुधा सौम्य. नैसर्गिक देवीत शंभरातले वीस-तीस दगावत, तर अशा टोचणीनंतर एखाद-दुसरा. अडचण अशी, की टोचलेला माणूस तीन-चार आठवडे कामातून जाई आणि तेवढ्या काळात त्याच्यापासून इतरांना रोग लागू शके. सगळं सैन्य एकदम टोचलं आणि शत्रूला सुगावा लागला, तर? याच भीतीपोटी १७७६मध्ये वॉशिंग्टननं सैन्यात टोचून घ्यायला मनाई केली होती.

पुढच्याच हिवाळ्यात त्यानं आपला निर्णय फिरवला. फेब्रुवारी १७७७मध्ये न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या मुक्कामावरून त्यानं डॉ. विल्यम शिपेन यांना कळवलं, की फिलाडेल्फियामार्गे येणाऱ्या ज्या ज्या शिपायाला देवी आलेल्या नाहीत, त्या प्रत्येकाला टोचायचं. यातली खरी युक्ती वेळेची होती. नवा रंगरूट मुख्य सैन्याला मिळण्याआधीच, वाटेवर, त्याला टोचायचं. त्याचे कपडे आणि हत्यारं तयार होईपर्यंत तो बरा होतो. म्हणजे लढाईचा एकही दिवस फुकट जात नाही, आणि छावणीत शिरतो तो रोगाला पुरा पडणारा गडी. हे सगळं होता होईल तो गुपचूप करण्यात आलं. त्यानंतर देवीनं त्या सैन्याला पूर्वीसारखं कधी हैराण केलं नाही.

दारात टोचण्याचा हा पायंडा पडला तो असा. त्यामागचं तर्कशास्त्र आजही तेच आहे. छावणी किंवा वसतिगृह म्हणजे दहा ठिकाणची पोरं एका छपराखाली. प्रत्येक जण आपापल्या गावचे रोग आणि आपापल्या गावची प्रतिकारशक्ती घेऊन येतो. एकत्र जेवण, एकत्र कवायत, एकत्र झोपणं. त्यात लसीचा परिणाम दिसायला दिवस लागतात, कधी आठवडे. तेव्हा आत शिरल्यावर टोचून उपयोग नाही, त्याआधी टोचायला हवं.

एडवर्ड जेन्नरनं १७९६मध्ये गोस्तनदेवीची लस शोधली आणि काम पुष्कळ सोपं झालं. ही लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. माझ्या पिढीतल्या माणसांच्या दंडावर ‘देवी काढल्याचे’ गोल व्रण आहेत. त्या व्रणांचा वंश तिथपर्यंत पोहोचतो.

आता दुसरा प्रसंग. इंग्लंडमध्ये नेटली या गावी सैन्यातल्या डॉक्टरांना शिक्षण देणारं आर्मी मेडिकल स्कूल होतं. हिंदुस्थानात नेमणूक होणारे डॉक्टरही तिथूनच तयार होऊन येत. तिथे ॲलमरॉथ राइट नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८९६च्या सुमारास मेलेल्या जंतूंपासून विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची लस केली. आपल्याकडे कॉलऱ्याच्या लशीचे प्रयोग करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्या कामाचा राइट यांच्यावर मोठा प्रभाव होता. राइट यांनी ती लस स्वतःला आणि सैन्यातल्या डॉक्टरांना टोचून पाहिली.

लस हाताशी होती आणि १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. टोचून घेणं ऐच्छिक ठेवलं गेलं. लसीमुळे ताप येई, दंड सुजे, एक-दोन दिवस अंथरूण धरावं लागे. सैन्यातल्या वरिष्ठ डॉक्टरांतही एकमत नव्हतं. परिणाम असा, की शंभरातल्या पाच शिपायांनीसुद्धा लस घेतली नाही. त्या युद्धात सुमारे ५८ हजार ब्रिटिश शिपायांना विषमज्वर झाला आणि सुमारे ८ हजार त्यात गेले. शत्रूच्या गोळ्यांनी मारले त्यापेक्षा अधिक शिपाई रोगराईनं मारले. पहिल्या महायुद्धात हे चित्र पालटलं. कायद्यानं सक्ती तेव्हाही नव्हती, पण वरिष्ठांनी आग्रह धरला, समजावलं, दडपणही आणलं. बहुतेक शिपायांनी टोचून घेतलं, आणि कितीतरी मोठ्या सैन्यात, कितीतरी लांबलेल्या युद्धात विषमज्वराचे बळी बाराशेच्या आसपास राहिले.

इथे कोणी म्हणेल, की मग सरळ हुकूम द्यावा, चर्चा कशाला? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला मुंबई-पुण्यात यावं लागेल.

सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. चीनकडून निघालेली ती जागतिक साथ होती. हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले जे कैदी तयार झाले, त्यांना ती दिली. लोक मात्र घाबरलेले होते. त्या वेळी खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. त्यांचं वय तेव्हा जेमतेम एकोणीस, म्हणजे आजच्या छात्राएवढं. त्यांना पाहून त्यांच्या अनुयायांपैकी हजारोंनी दंड पुढे केले.

त्याच वर्षी पुण्यात काय झालं, ते आपण शाळेतच शिकलो आहोत. रँडच्या प्लेग कमिटीनं घरोघरच्या झडतीसाठी गोरे सोजीर पाठवले. ते माजघरात शिरले, देवघरात शिरले. माणसं उचलून छावण्यांत नेली. उद्देश साथ थांबवण्याचा होता, हे मान्य केलं तरी लोकांच्या मनात उरली ती अप्रतिष्ठा आणि चीड. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. बराकीत जो हुकूम शिपाई मुकाट्यानं पाळतो, तोच शिपायाच्या हातून गृहस्थाच्या उंबऱ्याआत आला की त्याचा जुलूम होतो. या दोन्ही गोष्टी एकाच साथीत, एकाच वर्षी, शंभर-सव्वाशे मैलांच्या अंतरात घडल्या, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आणि विश्वास एकदा मिळवला म्हणजे कायमचा मिळाला, असंही नाही. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतली प्लेगची लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. गावातच बाटली उघडताना चूक झाली असावी, हे पुढं दिसून आलं आणि १९०७मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. पण तोवर त्यांची पाच वर्षं गेली होती आणि लसीबद्दल धास्ती पसरली होती. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळायला १९२५ साल उजाडावं लागलं.

आता अलीकडचं. २००९ साली स्वाइन फ्लूची जागतिक साथ आली. जूनच्या अखेरीस अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वायुदल प्रबोधिनीत तेराशेहून अधिक नवे छात्र दाखल झाले. या फ्लूची लस तेव्हा अजून तयार व्हायची होती. ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी पाहायला मंडळी एकत्र जमली आणि काही दिवसांत रुग्णांची रांग लागली. महिन्याभरात १३४ जणांना लागण झाल्याचं तपासणीतून सिद्ध झालं, शिवाय ३३ संशयित. सुदैवानं कोणी दगावलं नाही. आजारी छात्रांना वेगळं ठेवून साथ आवरली. पण धडधाकट, निवडून घेतलेली मुलंसुद्धा दोन आठवड्यांत कशी आडवी होतात, याचा तो धडा होता. वॉशिंग्टनच्या तंबूत जे घडलं, तेच आधुनिक वसतिगृहात घडलं.

करोनाच्या वेळी आपल्याकडे पेच निराळाच होता. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं. अठरा वर्षांवरील सर्वांना ते १ मेपासून खुलं झालं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलं दाखल होतात ती साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची. पंधरा ते अठरा या वयोगटाला लस मिळू लागली ती ३ जानेवारी २०२२ला. म्हणजे २०२१मध्ये एकाच तुकडीत निवडलेल्या दोन मुलांपैकी अठरा पूर्ण झालेल्याला लस मिळू शकत होती आणि सतरा वर्षांच्याला नाही. देशासाठी शपथ घेण्याच्या वाटेवर तो निघू शकत होता, लसीच्या रांगेत मात्र अजून बालक होता. अशा मुलांसाठी उरले ते जुनेच उपाय. विलगीकरण, तपासणी, मुखपट्टी.

अमेरिकेत उलट घडलं. २४ ऑगस्ट २०२१ला संरक्षणमंत्र्यांनी सैनिकांना लस सक्तीची केली. बहुसंख्यांनी ती घेतली. नाकारणाऱ्या आठ हजारांहून अधिक जणांना सैन्य सोडावं लागलं. २०२२मध्ये तटरक्षक दलाच्या प्रबोधिनीतून सात छात्रांना काढून टाकण्यात आलं. जानेवारी २०२३मध्ये सक्ती उठली आणि २०२५मध्ये काढलेल्यांना परत घेण्याचा आदेश निघाला. एकाच हुकमाची चार वर्षांत दोन टोकं झाली.

मला स्वतःला विचाराल, तर सैनिकाला लस सक्तीची असावी, असंच मी म्हणेन. त्याच्या आजाराची किंमत शेजारच्या खाटेवरचा सोबती मोजतो. वर्दी घालण्याआधी त्यानं पुष्कळ गोष्टी सोडलेल्या असतात, त्यात हीही एक. पण हुकूम देणाऱ्यावरही एक बंधन येतं. राइट आणि हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचली. आगाखानांनी लोकांसमक्ष दंड उघडा केला. लसीनं काय होतं, ताप किती दिवस राहतो, धोका कुठं आहे, हे भरती होणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना आधी मोकळेपणानं सांगितलं गेलं पाहिजे. हुकूम छावणीच्या दारापासून सुरू होतो. तिथवर येणारं पोर मात्र कुठल्यातरी घरातून निघालेलं असतं आणि त्या घराची समजूत घालण्याचं काम हुकमानं होत नाही. पुण्यानं ते १८९७ साली पाहिलं आहे.