'खपवणे' आणि तोतया : एका शब्दाच्या आधारे इतिहासविचार

इंग्रजीतील 'पास ऑफ' या संयुक्त क्रियापदाचा अर्थ एक वस्तू वा व्यक्ती दुसरीच आहे असे भासवून पुढे करणे असा होतो. मराठीत त्याला सर्वांत जवळचे क्रियापद 'खपवणे' हे होय. मात्र 'खपवणे' हे 'खपणे'चे प्रयोजक रूप असल्याने घेणारा असल्याविना ते संभवत नाही. इंग्रजी शब्दाचा रोख फसवणाऱ्यावर राहतो. भारतीय न्याय संहितेचे तोतयेगिरीविषयीचे कलम ३१९ देखील प्रामुख्याने त्याचाच विचार करते. मराठी शब्द घेणाऱ्याकडेही बोट दाखवतो. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण या दृष्टीने पाहणे प्रस्तुत लेखकास अधिक उचित वाटते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेब पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी संशय उरला. खुद्द पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण भाऊसाहेब म्हणवून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या अमलात त्याची चौकशी झाली व तो कैदेत पडला. ती बतावणी तेव्हा खपली नाही.

१७७६ साली रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास मोकळे केले आणि पाहता पाहता कोकणात फौज जमली, किल्ले हाती आले. माणूस तोच, सोंगही तेच; बदलले होते ते राज्य. माधवराव १७७२ मध्ये वारले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव, कारभार कारभाऱ्यांच्या हाती आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास! अशा वेळी पेशव्यांच्या घरातील एखादा कर्ता पुरुष परत यावा, ही अनेकांची गरजच होती. जमलेले सारे लोक फसले होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कित्येकांना तो खरा ठरणे सोयीचे होते, काहींना कारभाऱ्यांचा राग होता. चेहऱ्यातील साम्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. या सोयीची त्या मानाने थोडी.

महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी बंड मोडले. पळालेला तोतया रघूजी आंग्रे यांच्या हाती सापडला. पुण्यात भाऊसाहेबांना जवळून ओळखणाऱ्यांसमक्ष त्याची पुन्हा चौकशी झाली व डिसेंबर १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन देण्यात आले. पार्वतीबाई त्यानंतरही १७८३ पर्यंत हयात होत्या.