जुनी व्हॅन, आठ माणसे आणि आरसीवरचे नाव

खारघरमध्ये रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनचे नंबर वाचत गेले की या भागाचा थोडा इतिहास कळतो. एमएच-06 म्हणजे पेणचे आरटीओ. पनवेल तालुक्यातल्या गाड्यांची नोंद पूर्वी तिथे होत असे. एमएच-43 वाशीचा. पनवेलला स्वतःचा एमएच-46 नंतर मिळाला. सिडकोने वसवलेले खारघर 2016 साली पनवेल महानगरपालिकेत गेले, तरी जुन्या गाड्या अजून जुनेच पत्ते सांगतात.

या व्हॅनची कहाणी 1984 मध्ये सुरू होते. आदल्या वर्षीच्या 14 डिसेंबरला पहिली मारुती 800 मालकाच्या हाती पडली होती. त्याच 796 सीसीच्या इंजिनावर कंपनीने व्हॅन आणली आणि 1988 मध्ये तिचे नाव ‘ओम्नी’ ठेवले. लांबी जवळपास 800 एवढीच, पण इंजिन पुढच्या सीटखाली ढकलल्यामुळे आत आठ जणांची जागा झाली. दारे सरकती, म्हणून मोहल्ल्याच्या अरुंद गल्लीतही बुजुर्गांना उतरता येई.

आपल्या घरांत ही गाडी रुळली त्याला कारणे होती. अम्मी-अब्बा, भाऊ-भावजय, मुले असे सगळे मिळून महाड, म्हसळा किंवा श्रीवर्धनला लग्नाला निघायचे, तर एसटीची तिकिटे आणि सामानाची बोचकी सांभाळता नाकी नऊ येत. दुसरे कारण सूद. व्याजाचा हप्ता नको असलेल्या माणसाला नवी गाडी परवडत नाही, जुनी मात्र रोख घेता येते. पुढे 2000 मध्ये क्वालिस, 2005 मध्ये इनोव्हा आणि 2010 मध्ये ईको आली. तीन-चार मालक फिरून या गाड्याही अशाच घरांत पोहोचल्या.

2019 मध्ये ओम्नी बंद झाली. टक्कर-चाचणीचे नवे नियम तिला पाळता येण्यासारखे नव्हते. पुढे नाकच नसल्याने समोरचा धक्का थेट चालकाच्या गुडघ्यांवर येतो. ज्या रचनेमुळे आठ माणसे बसली, तिच्यामुळेच ती असुरक्षित ठरली. मुलांना घेऊन गोवा महामार्गावर जाणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरा धोका कागदाचा आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर 5 वर्षांनी फिटनेस दाखवून ती वाढवावी लागते. 1 एप्रिल 2022 पासून कारच्या या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5000 झाले. म्हणून 14 वर्षांची गाडी ‘स्वस्तात’ मिळते तेव्हा हा खर्च किमतीत धरावा. गॅसकिट असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि सीएनजी सिलिंडरची तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, हेही पाहावे.

सर्वांत मोठी बेपर्वाई नाव बदलण्यात होते. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ठेवायच्या आणि गाडी तशीच पुढे विकायची, ही सवय जुनी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. 2018 मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रसंग आला. गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली, अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर आली.

‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला?’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि सौद्याला साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. तिथे आपला-परका असा भेद नाही. व्हॅन विकताना तिचा ऐब सांगावा, घेताना मेकॅनिकला दाखवावी आणि किल्लीबरोबर नावही बदलावे. आठ जणांना घेऊन निघणाऱ्याने एवढे तरी करायलाच हवे.