तंबूतली किटली आणि डोंगराची उंची

काही वर्षांपूर्वी सांगलीकडच्या एका शाळेत प्रयोगवह्या चाळण्याचा योग आला. पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा नेहमीचाच प्रयोग होता. चाळीस वह्यांपैकी अडतीस वह्यांत ‘१०० अंश से.’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. एका वहीत आधी ९८ लिहून, ते खोडून त्यावर १०० गिरवले होते. चाळिसावी वही एका मुलीची होती. तिने ९८ लिहिले होते व ते तसेच राहू दिले होते. त्याखाली लाल शाईत शेरा होता : ‘तापमापी तपासा.’

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. सातारा शहर आणखी वर, सुमारे ७४० मीटरवर. तेथे ते साडेसत्त्याण्णवलाच उकळू लागते. देशावरच्या कोणत्याही शाळेत उघड्या चंचुपात्रातले शुद्ध पाणी १०० अंशांपर्यंत जात नाही. पाठ्यपुस्तकातले १०० हे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला लागू आहेत, आणि ही अट पुस्तकात दिलेलीही असते. पण प्रयोगाच्या तासाला ती कुणाला आठवत नाही. अडतीस मुलांनी जे पाहिले नाही ते लिहिले, त्यांना पूर्ण गुण मिळाले. जिने पाहिले तेच लिहिले, तिला शेरा मिळाला.

ते शिक्षक मोठ्या मनाचे. मी हे बोलून दाखवले तेव्हा हसून म्हणाले, “मग सर, तुम्हीच सांगा, तापमापी तपासायची कुठे?” मी म्हटले, “डोंगरावर.” त्यातून आमचे शिबिर ठरले. पण शिबिराची हकिगत सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण डोंगरात तंबू ठोकून पाणी उकळण्याचा हा उद्योग आमच्या आधी दोनशे वर्षांपासून चालत आलेला आहे.

पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबानुसार बदलतो, हे फॅरनहाइट यांनी १७२४ सालीच नोंदवले होते. सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा बर्फ वितळण्याचे तापमान दाबाने बदलत नाही, उकळण्याचे मात्र बदलते, हे त्यांनी तपासून पाहिले होते. (त्यांच्या मूळ मोजपट्टीत पाणी शून्याला उकळत होते व शंभराला गोठत होते. ती उलटी झाली ती नंतर.) म्हणजे ज्यांच्या नावाने आपण १०० अंश सांगतो, त्यांनाच ते १०० सर्वत्र खरे नाहीत हे पक्के ठाऊक होते. पुढे १८१७ साली वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी ही अडचणच उपयोगात आणली. दाबानुसार उत्कलनबिंदू बदलत असेल, तर उत्कलनबिंदूवरून दाब कळेल आणि दाबावरून उंची. त्यासाठी त्यांनी एक अतिशय नाजूक तापमापी तयार केली.

उंची काढण्याचे तेव्हाचे मान्य साधन म्हणजे पाऱ्याचा वायुभारमापक. पाऊण मीटरहून लांब काचेची नळी, तीत जड पारा. प्रयोगशाळेच्या भिंतीवर ती शोभून दिसते. बैलाच्या पाठीवर किंवा हमालाच्या खांद्यावर घाट चढताना ती किती दिवस टिकेल याची कल्पना शाळेतल्या काचसामानाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणाही शिक्षकाला येईल. त्यामानाने वीतभर लांबीची तापमापी कापसात गुंडाळून पेटाऱ्यात टाकता येते, आणि किटली तर मुक्कामावर असतेच.

आपल्या भागापुरता या कामात सर्वांत मोठा वाटा कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा. पेशवाई संपून सहा वर्षे झाली होती. १८२४ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनचे ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले. नव्याने हाती आलेल्या मुलुखात माणसे किती, गावे किती, जमीन कोणत्या प्रकारची, पिके कोणती, पाऊस किती, हे सारे गोळा करण्याचे काम. काटकसरीसाठी १८२९ अखेर ते पद रद्द झाले, तरी साइक्स यांनी हाती घेतलेले काम १८३१ च्या आरंभापर्यंत पुरे केले. या वर्षांत त्यांचे घर आणि कचेरी दोन्ही तंबूतच असत. त्यांची शिस्त पाहिली तर आजच्या संशोधकालाही हेवा वाटावा. त्यांनी दख्खनचे पक्षी नोंदवले, मासे नोंदवले. आपला रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा, त्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८३१ साली ‘दख्खन’वरून बेतलेल्या नावाने प्रसिद्ध केले. कोयना-चांदोलीच्या रानात तो आजही आहे.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे हवेच्या दाबाचे काम. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दख्खनच्या ‘वातावरणीय भरती-ओहोटी’वरचा निबंध छापून आला. समुद्राला भरती येते तशी हवेलाही येते. रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो, दुपारी चार-पाचला उतरतो, रात्री दहा-अकराला पुन्हा चढतो आणि पहाटे पुन्हा उतरतो. युरोपात वादळी हवेच्या गोंधळात ही लाट सहज दिसत नाही. आपल्याकडे पावसाळ्याखेरीज ती घड्याळासारखी चालते. पण ती दिसण्यासाठी कुणीतरी पहाटे चारला कंदील घेऊन यंत्रापाशी उभे राहावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे. (ही लाट दिवसातून दोनदा का येते, याचे समाधानकारक उत्तर १९६० नंतर मिळाले. हवेतील ओझोन आणि बाष्प सूर्याची उष्णता थेट शोषून घेतात, त्याच्याशी तिचा संबंध आहे.)

या लाटेचा उंचीशी संबंध असा. दख्खनमध्ये सकाळ आणि दुपार यांतला फरक पाऱ्याच्या सुमारे अडीच-तीन मिलिमीटर इतका भरतो. एवढ्यानेच उंचीच्या गणितात तीसेक मीटरांची चूक होते. म्हणजे सकाळी खाली आणि दुपारी वर असे माप घेतले तर डोंगर उगाचच उंच होतो. साइक्स यांनी १८३८ साली साध्या तापमापीने उंची कशी काढावी यावर स्वतंत्र लेख लिहिला. खास नाजूक उपकरणाची वाट पाहू नका, बाजारात मिळणारी तापमापी नीट वापरली तर प्रवाशाला पुरेशी उंची कळते, असा त्याचा रोख. पुढे हूकर यांनी १८४८ ते १८५० मध्ये सिक्कीमच्या हिमालयात तंबूतंबूतून पाणी उकळून उंच्या काढल्या, त्या याच मार्गाने.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. साहेबाचा तंबू म्हणजे एक तंबू नव्हे. झोपायचा वेगळा, कचेरीचा वेगळा, नोकरांच्या राहुट्या वेगळ्या. कनाती, मेखा, टेबलखुर्च्या, पेटारे हे सारे पुढच्या मुक्कामी आधी पोचलेले असावे लागे. ते वाहून नेण्यासाठी गावोगाव माणसे धरली जात. वेठ म्हणतात ती हीच. लाकूडफाटा, दूध, कोंबड्या, बैलांची वैरण यांची सोय पाटलाने करायची, आणि पाटील ती कुणाकडून करून घेणार हे उघड आहे. त्या काळच्या शास्त्रीय निबंधांत उंचीचे आकडे दशांशापर्यंत असतात. पारा भरलेली नळी छातीशी धरून घाट चढणाऱ्याचे नाव मात्र सहसा सापडत नाही. आकडे म्हणून खोटे ठरत नाहीत. पण ते वर्गात सांगताना एवढे शिक्षकाने सांगावे असे मला वाटते.

आता आमचे शिबिर. ऑक्टोबरच्या अखेरीस बावीस मुलेमुली, तीन शिक्षक आणि मी असे तापोळ्याला कोयनेच्या जलाशयाकाठी उतरलो. पूर्वी ट्रेकर मंडळी जलाशयापलीकडे वासोट्याच्या जंगलातच मुक्काम करीत. १९८५ मध्ये तो भाग अभयारण्य झाला, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला. आता गडावर रात्री राहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. अलीकडच्या काठावर मात्र, जागेच्या मालकाला विचारून, तंबू ठोकता येतो. आमच्या राहुट्या एका संस्थेकडून मागून आणलेल्या, जाड कॅनव्हासच्या. त्यांत मोगरी नव्हती, म्हणून मेखा दगडाने ठोकाव्या लागल्या, आणि तणाव नीट न ओढल्याने एक राहुटी मध्यरात्री मुलांच्या अंगावर बसली. पहाटे उरलेल्या दोन्हींच्या छतातून आतून पाणी ठिबकत होते. पाऊस नव्हता. निरभ्र रात्री कापड आकाशाकडे उष्णता टाकून आसपासच्या हवेपेक्षा थंड होते, आणि आत झोपलेल्या माणसांच्या श्वासातले बाष्प त्यावर निवते. जागेच्या मालकाने सकाळी येऊन सांगितले, “गुरुजी, पाण्यालगत खाली कशाला राहिलात? वरच्या टेपावर ऊब असती.” त्यांचे खरे होते. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खोलगट जागी येऊन साठते. त्यांच्या घराण्याची जुनी जमीन जलाशयाखाली गेलेली. त्यांच्या वडिलांनी घर बांधले ते टेपावर, आणि आम्ही, विज्ञानाचे लोक, खोलगटात झोपलो होतो.

तापोळ्याचा काठ निवडण्याचे कारण असे की आमच्या कामाला एक आयती खूण हवी होती. धरण पूर्ण भरले असता कोयनेच्या पाण्याची पातळी ६५९ मीटर असते. पावसाळ्यानंतर जलाशय जवळजवळ भरलेला असतो, म्हणजे काठाची उंची न मोजताच कळते. सकाळी ठीक दहा वाजता गॅसच्या छोट्या शेगडीवर किटली ठेवली. शाळेच्या चार तापमाप्या होत्या. तापमापीचा फुगा पाण्यात बुडवायचा नाही, पाण्याच्या वर वाफेत धरायचा. पाण्यात क्षार असतील तर पाण्याचे तापमान थोडे वाढते, वाफेचे फारसे नाही. चार तापमाप्यांनी चार आकडे दाखवले : ९७, साडेसत्त्याण्णव, ९८ आणि साडेअठ्ठ्याण्णव. मुले हिरमुसली. “सर, यांतली खरी कुठली?” मी म्हटले, “बहुधा एकही नाही. नुसते लिहून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर. जनरल लॉडविक १८२४ साली या डोंगरावर चढून गेले, तेव्हा येथे क्षेत्राचे देऊळ आणि गर्द रान यांपलीकडे फारसे काही नव्हते. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कम आले आणि पुढच्याच वर्षी सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा कंपनीने घेतली. वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणारे ठिकाण, त्यामुळे पावसाळ्याआधी सारा डेरा आवरून खाली उतरावेच लागे. पेठेलगतच्या मोकळ्या जागेत आम्ही पुन्हा शेगडी मांडली. वेळ तीच, सकाळी दहा. किटली तीच, तापमाप्या त्याच, आणि त्याच क्रमाने : साडेचौऱ्याण्णव, ९५, ९६, साडेपंचाण्णव.

प्रत्येक तापमापी स्वतःशी किती बदलली, एवढेच पाहायचे होते. ती मुळात अर्धा अंश चुकत असली तरी खाली-वर दोन्हीकडे तेवढीच चुकते आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते. फरक अडीच, अडीच, दोन आणि तीन. सरासरी अडीच अंश. आपल्याकडच्या उंचीवर दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश उतरतो, म्हणून चढ ७५० मीटर. त्यात ६५९ मिळवले की १४०९. महाबळेश्वरच्या पठाराची उंची सुमारे १३७२ मीटर दिली जाते. चूक ३७ मीटरांची! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्यांना सांगावे लागले की यात नशिबाचा भाग मोठा आहे. ज्या तापमापीवर अर्ध्या अंशाहून बारीक वाचता येत नाही, तिने शे-दीडशे मीटरांची चूक झाली असती तरी तक्रार करता आली नसती.

संध्याकाळी बटाट्याची भाजी शिजायला वेळ लागला, तेव्हा डार्विनची गोष्ट निघाली. १८३५ च्या मार्चमध्ये अँडीज पर्वत ओलांडताना त्यांच्या मुक्कामावर रात्रभर उकळूनही बटाटे शिजले नाहीत. सोबत्यांनी सकाळी आपसांत चर्चा करून दोष नव्या भांड्यावर ठेवला : भांडेच असे की त्याला बटाटे शिजवायचे नाहीत. हे ऐकून वहीवाली ती मुलगी आपल्या सरांकडे पाहून हसली. सरही हसले.

सांगलीला परतल्यावर त्याच चार तापमाप्या शाळेतल्या चंचुपात्राच्या वाफेत धरल्या. नव्या वहीत सरांनी मुलांना तीन रकाने आखायला सांगितले : तापमापीचा क्रमांक, वेळ आणि दिसलेले तापमान. दिसलेले या शब्दाखाली त्यांनी फळ्यावर रेघ मारली. त्या वर्षी कुणाच्याही वहीत १०० आले नाहीत. एकाच्या वहीत ९६ आले, तेव्हा वर्गानेच शोधून काढले की त्याच्या तापमापीतला पाऱ्याचा धागा मध्येच तुटला होता.