शिकार, पारध आणि बेटे : सीमाभागातील एका विद्येचा इतिहास



आपल्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात एकाच कृतीला तीन नावे आहेत. दरबारी फारसीतून आलेली ‘शिकार’, प्राकृत ‘पारद्धि’पासून चालत आलेली मराठी ‘पारध’ आणि कानडीतील ‘बेटे’. या तीन शब्दांमागे तीन वेगवेगळी माणसे उभी आहेत. शिकार करणारा तो उमराव किंवा साहेब, पारध करणारा तो पारधी आणि बेटे करणारा तो बेडर. (‘बेडर’ म्हणजे ज्याला डर नाही तो, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी खरी नव्हे. कानडी ‘बेड’ म्हणजे व्याध, त्याचेच हे रूप.) परमुलखातून आलेल्या मनुष्याने आपल्या रानात मोठ्या जनावराची शिकार आरंभली ती कोणाच्या बळावर, एवढाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

१८५३ च्या तहानंतर निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई आणि लिंगसूर या तिच्या छावण्या. १९०३ मध्ये ही फौज हिंदी लष्करात विलीन होईपर्यंत विलायतेहून आलेले किती तरी तरुण अधिकारी या छावण्यांत राहून गेले. त्यांपैकी ब्रिगेडियर जनरल आर. जी. बर्टन यांनी १९२८ मध्ये दख्खनमधील शिकार व वन्यजीवन या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे चाळीस वर्षांच्या हिंदुस्थानातील नोकरीचा अनुभव त्यामागे होता. अशा ग्रंथांतील वाघाची लांबी इंचापर्यंत मोजलेली असते. बंदुकीच्या नळीचे माप असते. माग दाखविणारा मात्र बहुधा केवळ ‘शिकारी’ किंवा ‘गावकरी’ असतो. त्याला नाव असलेच तर ते ओझरते येते.

नवख्या साहेबाला प्रथम हवी असे ती खबर. जनावर कोणत्या नाल्यात बसते आणि कोणत्या पाणवठ्यावर उतरते हे गुराख्याला ठाऊक. वाघाच्या शिकारीचा हंगाम चैत्र-वैशाखाचा, कारण पानगळीने रान विरळ होते, पाणवठे आटून मोजके राहतात आणि वाघाला त्यांच्या आसपासच सावली धरून पडावे लागते. मग आमिष म्हणून रेडकू बांधायचे. रात्री ते मारले गेले तर पहाटे माग काढणारा जाऊन पाहून येई. मारलेल्या जनावराला ‘गारा’ म्हणत. भर दुपारी ढोल-ताशांच्या गजरात हाकारे रान उठवीत पुढे सरकत. दोन्ही अंगांना झाडांवर माणसे बसविलेली असत. वाघ बाजूला वळू लागला की त्यांनी फांदीवर नुसते टिचकावयाचे. अधिक गलका केला तर जनावर उलटून हाकाऱ्यांवर जाण्याचे भय. सारी योजना अशा रीतीने जमल्यावर मचाणावरच्या साहेबाचे काम उरे ते चाप ओढण्याचे. हे मी उपहासाने म्हणत नाही. नेम धरणे हीही विद्याच आहे. परंतु एकंदर कार्यात तिचा वाटा केवढा, हे सांगितले पाहिजे.

आपल्या उघड्या माळावर वाघापेक्षा काळविटाचे राज्य अधिक. पायी माणूस दिसताच कळप उधळतो, पण रोजच्या बैलगाडीला तो बुजत नाही. म्हणून साहेब गाडीच्या आडोशाने, तिरकस चालीने कळपाच्या टप्प्यात जात. ही युक्ती शिकारग्रंथांत मोठ्या कौतुकाने येते. फासेपारध्याकडे तिचेच सूक्ष्म रूप होते. शिकविलेला बैल चरत चरत पुढे जाई आणि त्याच्या आडून पारधी तातीचे फास जमिनीत रोवीत जाई. बैलाच्या चालण्याशी आपले चालणे मिळविण्यात त्याची सारी हयात गेलेली असे.

आता प्रश्न अधिकाराचा. निजामी अमलात हुमनाबाद-चिटगुप्प्याकडील बराच मुलूख पायगा उमरावांकडे, तर कल्याणी तिथल्या नवाबाकडे होती. जहागिरीत पाहुणा म्हणून आलेल्या साहेबाला रान मोकळे असे. इंग्रजी मुलखात मात्र १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट खुली केली, आणि पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्याराला परवाना लागू लागला. एकाचा विरंगुळा आणि दुसऱ्याची उपजीविका यांत कायद्याने कोणाची बाजू घेतली हे उघड आहे.

शस्त्र हिरावले जाणे म्हणजे काय, हे बेडरांनी त्याआधीच अनुभवले होते. १८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळनजीकच्या हलगली गावच्या बेडरांनी हत्यारे सरकारजमा करण्यास नकार दिला. बंड चिरडले गेले आणि अनेकांना फाशी झाली. फ्लीट यांनी संकलित केलेल्या कानडी लावण्यांत हलगलीची लावणी आहे. साहेबांच्या शिकारग्रंथांत ज्यांना क्वचितच नाव मिळाले, त्यांची नावे लोकगीताने मात्र जपली. सुरपूरच्या बेडर संस्थानात मेडोज टेलर हा बारा वर्षे कारभार पाहत होता. १८२४ मध्ये मुंबईस उतरला तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. इथल्या भाषा शिकून घेतल्यामुळेच त्याच्या लेखनात इथली माणसे केवळ हाकारे म्हणून येत नाहीत. मराठीच्या अध्यापकाला हा भेद विशेष वाटावा, यात नवल नाही.

१९२० मध्ये सय्यद सिराज उल हसन यांनी निजामी मुलखातील जातिजमातींवरील ग्रंथात बेडर, लमाण व पारधी यांच्या नोंदी केल्या. १९४८ मध्ये निजामी राज्य संपले, १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, १९५६ मध्ये बिदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले आणि आपला भाग सीमाभाग झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा बसला, आणि तो बसणे आवश्यकच होते. चित्ता तर तोवर देशातून नष्टच झाला होता. मात्र बंदूकवाल्याचा त्यात एक छंद गेला, पारध्याचे पोट गेले, आणि त्या पोटाची तरतूद कोणत्याही कलमात नव्हती.

२०११ मध्ये चिंचोळीच्या सुमारे १३४ चौरस किलोमीटर रानाला अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. त्या रानाच्या परिसरात लमाणांचे तांडे आहेत. पाणवठे कोणते, वाटा कोणत्या, याची विचारपूस करण्यासाठी परका माणूस आजही त्यांच्याच दारी जातो, फरक इतकाच की आता त्याच्या हाती कॅमेरा असतो.