पाच लढतींत बाईची लढत कोणती?

आज आम्ही फुलाच्या खेळाबद्दल बोलणार आहोत. फूल म्हणजे बॅडमिंटनचं. सोळा पिसं, खाली बुचाचं बोंडूक आणि वजन जेमतेम पाच ग्रॅम. आपल्याकडे दुपारचा वारा सुटला की ते रॅकेटला लागायच्या आधीच बांधावर जाऊन पडतं, हे पोरींना चांगलं ठाऊक आहे.

या वाऱ्याची अडचण जुनी आहे. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या इंग्रज छावणीत साहेब लोक हा खेळ खेळायचे, तेव्हा वारा-पावसात फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घ्यायचे असं सांगतात. आणि खेळाचं नाव काय होतं? ‘पूना’! माल्याहून पौडमार्गे आपण ज्या पुण्याला बाजाराला, दवाखान्याला जातो, त्याच पुण्याचं नाव. पुढे साहेबांनी तो विलायतेला नेला आणि तिथल्या एका सरदाराच्या ‘बॅडमिंटन’ नावाच्या वाड्यावरून त्याला आजचं नाव पडलं. आपलं नाव पुसलं गेलं, खेळ मात्र जगभर गेला.

खेळ एकट्याचा किंवा जोडीचा, पण त्याची मोठी गंमत संघाच्या सामन्यात असते. दोन संघ समोरासमोर येतात, ठरलेल्या लढती होतात, कुणी एकेरी खेळतं, कुणी दुहेरी. ज्या संघाच्या लढती जास्त, तो जिंकला. आपल्या गटात एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या सावरून घेतात, तसंच हे. एक हरली तरी दुसरी भरून काढते. म्हणूनच कोणत्या लढती खेळायच्या हे कोण ठरवतं, याला फार महत्त्व आहे. आमच्या आजच्या बोलण्याचा मुद्दा तोच.

देशादेशांतली पुरुषांची संघस्पर्धा म्हणजे थॉमस कप. ती 1948-49 साली सुरू झाली. बायकांची कधी? 1956-57 साली. मध्ये आठ वर्षं गेली. बेटी उबर नावाची इंग्लंडची नावाजलेली खेळाडू होती. बायकांचीही अशी स्पर्धा हवी हा विचार तिने मांडला, त्यासाठी चषकही दिला, म्हणून त्याचं नाव उबर कप. पहिल्या वेळी अकरा देश उतरले आणि त्यात आपला देशही होता. जिंकली अमेरिका. त्यांच्या संघात ज्युडी आणि सू या डेव्हलिन बहिणी होत्या. वडील फ्रँक डेव्हलिन स्वतः मोठे खेळाडू, त्यांनीच मुलींच्या हातात रॅकेट दिली.

हे वाचताना आम्हाला पुण्याच्या देवधर बहिणी आठवल्या. प्रा. दि. ब. देवधर क्रिकेटचे गाजलेले खेळाडू, सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींनी 1940 च्या दशकात बॅडमिंटनमध्ये देशपातळीवर नाव काढलं. मुलींनी चारचौघांत धावायचं म्हटलं तरी लोकांच्या भुवया उंचावायच्या, असा तो काळ. बाप पाठीशी असला की काय होतं ते या दोन घरांत दिसतं. ज्यांच्या घरी रॅकेट नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे.

खेळाचे नियमही बाई-पुरुष पाहून केलेले. कितीतरी वर्षं पुरुषांची एकेरी पंधरा गुणांची आणि बायकांची अकराची. 2006 साली दोघांना सारखेच एकवीस झाले. म्हणजे बाई एकवीस गुणांपर्यंत दमत नाही, हे कळायला शंभर वर्षं लागली!

आता देशांऐवजी क्लबांच्या संघांकडे येऊ. युरोपात क्लबांच्या आपसातल्या स्पर्धा जुन्या आहेत आणि डेन्मार्कचे क्लब त्यात वर्षानुवर्षं पुढे राहिले. आपल्याकडे 2013 साली इंडियन बॅडमिंटन लीग निघाली. शहरांचे संघ, बोली लावून घेतलेले खेळाडू, त्यात परदेशीही. पुण्याचा संघ होता ‘पुणे पिस्टन्स’. जर्मनीची युलियाने शेंक त्यात होती आणि कर्णधार होती कर्नाटकातल्या कोडगूची अश्विनी पोनप्पा.

अश्विनी दुहेरीची खेळाडू. ज्वाला गुट्टाबरोबर तिने 2010 साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण आणि 2011 साली लंडनला जागतिक स्पर्धेचं कांस्य जिंकलं होतं. पण लीगच्या सामन्यात लढती पाच: पुरुषांच्या दोन एकेरी, एक दुहेरी, बायकांची एकच एकेरी आणि एक मिश्र. बायकांची दुहेरी गाळून टाकली होती. ती गाळल्यावर या दोघींची बोलीची मूळ किंमत पन्नास हजार डॉलरवरून पंचवीस हजारांवर आणली. दोघींनी उघडपणे नाराजी सांगितली. काम येतं, पदक आहे, पण कामच यादीतून काढून टाकलं तर मजुरी आपोआप अर्धी होते. रोपलावणीला जाणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

पुढे ही लीग प्रीमियर बॅडमिंटन लीग झाली. 2018-19 च्या हंगामात ‘पुणे सेव्हन एसेस’ हा संघ आला. स्पेनची ऑलिंपिक विजेती कॅरोलिना मारिन त्यात होती आणि काही सामने म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाले, म्हणजे आपल्या तालुक्याच्या उंबऱ्यावर. लढतींचा हिशोब तोच: बायकांची दुहेरी नाहीच.

देशाच्या संघात मात्र तसं करता येत नाही. उबर कपात पाचही लढती बायकांच्या, तीन एकेरी, दोन दुहेरी. 2014 साली दिल्लीत आणि 2016 साली चीनमध्ये आपल्या संघाने कांस्य मिळवलं.

आणि मग फेब्रुवारी 2024. मलेशियात शाह आलमला आशियाई संघ स्पर्धा. संघात पी. व्ही. सिंधू, मूळची गोव्याची तनिषा क्रास्टो आणि तीच आपली अश्विनी, आता चौतिशीची. अंतिम सामना थायलंडशी. सिंधू जिंकली. त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंदची जोडी जिंकली. मग पुढच्या दोन्ही लढती गेल्या. दोन-दोन. शेवटची लढत फरिदाबादच्या अनमोल खर्बकडे आली. वय सतरा, जागतिक यादीत क्रमांक चारशेच्या पुढे, समोरची पहिल्या पन्नासातली. याच पोरीने चीनविरुद्ध आणि जपानविरुद्धही शेवटची लढत जिंकून दिली होती. इथेही तिने दोन डावांत खेळ संपवला, 21-14, 21-9. भारताच्या बायकांनी आशियाई संघ विजेतेपद मिळवण्याची ती पहिली वेळ. सामना 3-2 ने जिंकला, आणि त्या तीनांतला एक गुण दुहेरीच्या जोडीचा होता.