लग्नाचे कर्ज कोण फेडते?

बदलापूर पूर्वेचे खरवई आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. जुनी घरे, औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि नव्या इमारती तिथे एकमेकांना खेटून उभ्या आहेत. २००१ साली सुमारे ९८ हजार असलेली या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख ७४ हजारांच्या घरात गेली. एवढ्या झपाट्याने वाढणाऱ्या गावात संसार टिकतात कसे, विस्कटतात कशाने, हा प्रश्न घरोघरी निघतो आणि उत्तरही ठरलेले असते: नवरा-बायकोचे स्वभाव, समजूत, सासरची माणसे. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या कष्टकरी घरांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर संसाराचे बरेवाईट ठरवण्यात एका गोष्टीचा वाटा फार मोठा दिसतो. लग्न कोणाच्या पैशाने लागले आणि तो पैसा कोणत्या अटीवर घरात आला, ही ती गोष्ट. स्वभावाचा प्रश्न त्यानंतरचा.

या भागाकडे बारकाईने पाहण्याची परंपरा जुनी आहे. निवृत्त न्यायाधीश ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली ‘बदलापूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून एकाच गावाचे धंदे, जाती, चालीरीती आणि बोलणे-चालणे यांची तपशीलवार नोंद केली. मराठीत असे काम तोवर फारसे झालेले नव्हते. ल. ना. चापेकरांचे सह्याद्रीतल्या ठाकुरांवरचे इंग्रजी पुस्तक १९६० चे. अशा नोंदी वाचताना जाणवते की आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी, वारली यांच्या घरी लग्न हा मुळात रोकडीचा व्यवहार नव्हता. तांदूळ घरचा किंवा भावकीतून आलेला, मांडवाची मेढ आणि डहाळे रानातले, दारू मोहाची, ताडी झाडाची. लग्न लावायला आगऱ्यांत धवलारीण आणि वारल्यांत धवलेरी ही त्यांच्यातलीच बाई. मुलाकडून मुलीकडे देज जाई. तेवढी ऐपत नसेल, तर वारल्यांत मुलगा सासऱ्याकडे काही वर्षे राबून ते फेडी. खर्च होता, पण तो धान्यात, श्रमात आणि परतफेडीच्या आहेरात विभागलेला होता. एका माणसाचे दुसऱ्या माणसावर आयुष्यभराचे ओझे त्यातून सहसा होत नसे.

हे बदलले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत, आणि बदलण्याची कारणे सरकारी कागदांत सापडतात. १८७८ साली जंगल कायदा आला आणि मांडवाचे लाकूड गुन्ह्याच्या कक्षेत गेले. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. ताडाच्या झाडांवरचा कर वाढला, घरची दारू बंद होऊन ती परवानाधारक दुकानातून रोख पैशाने घ्यावी लागली. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरही बंधन आले. पूर्वी रानातून फुकट येणारे लग्नाचे सामान आता पैसे मोजून आणायचे होते आणि रानात राहणाऱ्याजवळ पैसा नव्हता. तो होता सावकाराजवळ, दारूच्या ठेकेदाराजवळ आणि जमीनदाराजवळ, आणि अनेक ठिकाणी ही तिन्ही कामे एकच माणूस करी. लग्नाच्या चालीवर आदिवासी उधळतात हा आरोप त्या काळापासून आजवर चालत आला आहे, म्हणून हा क्रम लक्षात ठेवायला हवा. उधळण वाढल्याचे दिसत नाही. जुन्याच गोष्टींना नवी किंमत लागली.

या किमतीचे टोकाचे रूप जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू आणि उंबरगाव या तेव्हा ठाण्यात असलेल्या तालुक्यांत दिसले. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेणारा वारली ‘लग्नगडी’ होई. कर्ज फिटेपर्यंत त्याने मालकाकडे राबायचे आणि हिशेब मालकाच्याच हातात असल्याने ते फिटत नसे. खरी गोष्ट पुढेच आहे: राबायचे ते एकट्याने नव्हे, बायकोनेही. ज्या मुलीला आणण्यासाठी कर्ज काढले, तीच त्या कर्जाचे तारण ठरे. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सायमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. वेठीच्या मजुरीबरोबरच जमीनदार कुळांच्या बायकांवर आपला हक्क गाजवत, हेही त्यात नोंदवलेले आहे. ज्या घरातली बाई मालकाच्या हाकेसरशी उठून जायला बांधील आहे आणि नवऱ्याला तोंड उघडण्याची सोय नाही, तिथे दोघांच्या प्रेमाला, विश्वासाला, एकमेकांसाठी वेळ काढण्याला जागा उरते कोठे? संसाराची प्रत ठरण्याआधीच तो संसार दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेला होता.

यावर एक भक्कम आक्षेप आहे, आणि तो सरकारी चौकशीतूनच आला आहे. १८७५ साली पुणे-अहमदनगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असे मत दिले. बी-बियाणे, बैल, पोटापाण्याच्या वस्तू आणि सारा यांसाठी घेतलेली लहानलहान कर्जे एखाद्या लग्नापेक्षा रयतेला अधिक बुडवतात, असे आयोगाचे म्हणणे होते. देशावरच्या कुणब्याबाबत ते पटण्याजोगे आहे. पण त्याच्याजवळ गहाण टाकायला जमीन होती. ठाण्याच्या रानातल्या माणसाजवळ स्वतःचे आणि घरातल्यांचे अंग एवढेच होते. मोठी रोकड एकदमच लागेल असा आयुष्यातला जवळजवळ एकमेव प्रसंग म्हणजे लग्न, म्हणून बंधनाचे दार तिथेच उघडे. कर्जाची रक्कम किती, यापेक्षा ते कशाने फेडायचे, यावर घराचे भवितव्य ठरत होते. आयोगाचा निष्कर्ष त्यामुळे बाद होत नाही, त्याची हद्द मात्र कळते.

कर्ज आणि दांपत्यसुख यांचा संबंध फक्त वेठबिगारीपुरता मानणेही चूक ठरेल. १९८० च्या दशकात अमेरिकेत आयोवा राज्यात जमिनीच्या किमती कोसळल्या आणि शेतकरी कुटुंबे कर्जात अडकली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जोडप्यांचा अभ्यास केला. आर्थिक ओढाताण वाढली की माणसे, विशेषतः नवरे, चिडचिडी होतात, आपुलकी कमी दाखवतात, आणि त्याचा परिणाम लग्नाबद्दलच्या समाधानावर होतो, असे त्यांना आढळले. ही जोडपी गोरी, शिकलेली, कायद्याने स्वतंत्र होती. तरीही वाट तीच: पैशाचा ताण आधी, स्वभाव बिघडणे नंतर. आपल्याकडे समुपदेशनात बहुधा या वाटेच्या शेवटच्या टोकाशी काम केले जाते.

दुसरा आक्षेप अधिक आपुलकीचा आहे. थाटाचे लग्न हाच नव्या जोडप्याचा आधार असतो. त्यातूनच भावकी जुळते, अडीअडचणीला धावून येणारी माणसे मिळतात, असे आगरी गावांत आवर्जून सांगितले जाते. यात तथ्य आहे. हळदीला गाव जमतो, बाया धवले गातात, पोरे मांडव घालतात, तेव्हा जोडप्यामागे माणसे उभी राहतात ही गोष्ट उधळपट्टी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. पण ही पुण्याई जमते श्रमातून आणि आहेराच्या देवाणघेवाणीतून. डीजे, दारू आणि हजारोंच्या पंगतीचा खर्च बँकेच्या किंवा खाजगी कर्जातून होतो, तेव्हा जमलेला गाव रात्री घरी जातो आणि हप्ता जोडप्याच्या घरी राहतो. आगरी समाजातल्या काही गावांनी हळदीतली दारू आणि डीजे बंद करण्याचे ठराव केले, ते याच जाणिवेतून. ते ठराव परंपरेच्या विरोधात नाहीत; उलट जुन्या लग्नाच्या अधिक जवळचे आहेत. देज मागे पडून हुंडा आणि मानपान आल्यावर ओझ्याची बाजू बदलली, एवढेच. १९६१ चा हुंडाबंदी कायदा ते ओझे उतरवू शकलेला नाही.

लग्नगडी प्रथा आपोआप संपली नाही. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात उंबरगाव तालुक्यात झरीला वारल्यांची परिषद झाली आणि वेठ व लग्नगडी यांना नकार देण्याचा निर्धार झाला. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर व त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. वेठबिगार निर्मूलनाचा देशव्यापी कायदा यायला १९७६ उजाडले. तरी उल्हास नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर पावसाळा सरल्यावर येणारी कातकरी कुटुंबे आजही आगाऊ उचल घेऊन येतात, आणि त्या उचलीत लग्नाचा खर्च असणे नवलाचे नाही. ऊसतोडीत उचल ‘कोयत्या’ला, म्हणजे जोडप्याला मिळते, म्हणून पोरींची लग्ने लवकर उरकली जातात. तिथे लग्न हेच उचल मिळण्याचे साधन ठरते.

खरवईतल्या घराचा आणि लग्नाचा हप्ता भरणाऱ्या नोकरदार मुलाला लग्नगडी म्हणणे अतिशयोक्ती होईल. त्याच्या बायकोवर कोणा मालकाचा हक्क नाही. पण लोकलने मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्या त्या दोघांचा वेळ, झोप आणि बोलणे त्या हप्त्यांतून कापले जाते, हे कबूल करायला हवे. लग्नाच्या बैठकीला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी म्हणून एवढे करावे: याद्या करताना मानपानाच्या आधी कर्जाचा आकडा मांडावा, ते कोणाच्या नावावर आहे आणि किती वर्षे फेडायचे आहे ते मुलामुलीसमोर बोलावे, आणि जो खर्च त्या दोघांना फेडावा लागणार आहे त्याला नकार देण्याचा हक्क त्या दोघांना द्यावा.